पाळक, क्वार्टरबॅक, उमेदवार: अमेरिकेत चर्च आणि निवडणूक यांच्यामधली भिंत नेमकी कुठे आहे?

८ नोव्हेंबर १९९४, मंगळवार. ओक्लाहोमा राज्याच्या चौथ्या मतदारसंघातल्या मतपत्रिकेवर जे. सी. वॉट्स हे नाव होतं. तिथल्या बऱ्याच मतदारांनी हा माणूस पहिल्यांदा पाहिला तो फुटबॉलच्या मैदानावर. काहींनी त्याला चर्चमध्ये तरुणांपुढे उपदेश करताना ऐकलं होतं. आता तो अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात, म्हणजे आपल्या लोकसभेसारख्या सभागृहात, जायला मतं मागत होता. ५२ टक्के मतं घेऊन तो निवडून आला.

आपल्याकडच्या वाचकाला इथे दोन प्रश्न पडतात. अमेरिकेत चर्च आणि सरकार यांच्यात भिंत आहे असं आपण ऐकत आलो, मग चर्चचा माणूस कायदेमंडळात जाऊन बसतो कसा? आणि खेळाडूला मत मिळतं ते त्याच्या खेळाला मिळतं की त्याला? वॉट्स यांच्या या एका निवडणुकीत दोन्हींची उत्तरं बऱ्यापैकी सापडतात, म्हणून तिचंच बोट धरून जाऊ.

आधी एका शब्दाबद्दल. अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर), जालना या भागांतल्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती घरांत 'पास्टर'ला पाळक म्हणतात, आणि चर्चला जमणाऱ्या लोकांना मंडळी. पास्टर या शब्दाचा मूळ अर्थ मेंढपाळ, तेव्हा पाळक हा शब्द त्याला अगदी नेमका बसतो. या लेखात मी तोच वापरतो आहे.

वॉट्स यांचा जन्म १९५७ चा, ओक्लाहोमातल्या युफॉला या छोट्या गावातला. कुटुंब कृष्णवर्णीय. वडील बडी वॉट्स हे बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे पाळक, शिवाय गावातले पहिले कृष्णवर्णीय पोलीस. काका वेड वॉट्स हेही पाळक, आणि कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचे राज्यातले प्रमुख. म्हणजे उपदेश आणि सार्वजनिक काम या दोन्ही गोष्टी या मुलाने घरातच पाहिल्या. त्याची स्वतःची ओळख मात्र झाली ती चेंडूमुळे.

अमेरिकन फुटबॉलमध्ये चढाईचा प्रत्येक डाव क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होतो. ओक्लाहोमा विद्यापीठाचे प्रशिक्षक बॅरी स्विट्झर त्या काळी 'विशबोन' नावाची रचना खेळवत. क्वार्टरबॅकच्या मागे तीन खेळाडू बेचकीसारखे उभे राहत. चेंडू हातात आला की क्वार्टरबॅकने धावायचं आणि धावता धावताच ठरवायचं: मधल्या गड्याच्या पोटाशी चेंडू द्यायचा, स्वतःकडे ठेवून घुसायचं, की बाजूने पळणाऱ्याकडे फेकायचा. समोरच्या बचावपटूचा पाय कुठे वळतो ते बघून क्षणाच्या आत निर्णय. वॉट्स यांनी १९७९ आणि १९८० असे दोन हंगाम हा संघ चालवला. १ जानेवारी १९८० आणि १ जानेवारी १९८१ या दोन्ही दिवशी त्यांच्या संघाने ऑरेंज बोल हा विद्यापीठ संघांचा मानाचा सामना जिंकला, आणि दोन्ही वेळा सामन्याचे सर्वोत्तम खेळाडू वॉट्सच ठरले.

पुढे व्यावसायिक खेळात मात्र वेगळंच घडलं. १९८१ मध्ये न्यूयॉर्क जेट्स या संघाने नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत त्यांना आठव्या फेरीत निवडलं, पण क्वार्टरबॅकची जागा मिळेल याची खात्री दिली नाही. कृष्णवर्णीय खेळाडूला त्या जागेवर उभं करायला तेव्हाचे व्यावसायिक संघ फारसे राजी नसत. वॉट्स कॅनडाला गेले, ओटावाकडून खेळले. पहिल्याच वर्षी त्यांचा दुबळा समजला जाणारा संघ ग्रे कपच्या, म्हणजे कॅनडातल्या विजेतेपदाच्या, अंतिम सामन्यात पोचला आणि एडमंटनकडून अवघ्या तीन गुणांनी, २३ विरुद्ध २६ असा, हरला. हरलेल्या संघात असूनही चढाईतल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यांना मिळाला.

ही सगळी खेळाची गोष्ट सांगितली ती एका तपशिलासाठी. ओक्लाहोमा विद्यापीठ आहे नॉर्मन या शहरात, आणि नॉर्मन आहे चौथ्या मतदारसंघात. प्रसिद्धी आणि मतदारसंघ यांचा नकाशा इथे एकमेकांवर चपखल बसत होता. खेळाडूच्या प्रसिद्धीचा विचार करताना लोक हे विसरतात. देशभर गाजलेल्या खेळाडूला एखाद्या जिल्ह्यात मतं मिळतीलच असं नाही. पण ज्या मैदानाच्या शेजारी लोक राहतात, त्या मैदानावर जो जिंकला, त्याच्या नावाला तिथल्या घराघरांत दार उघडं असतं. ओक्लाहोमाची लोकसंख्या तेव्हा साधारण साडेएकतीस लाख आणि प्रतिनिधिगृहाच्या जागा सहा. म्हणजे एका जागेमागे सव्वापाच लाख माणसं. आपल्या लोकसभा मतदारसंघाच्या तुलनेत हा आकार लहान. एवढ्या टापूत विद्यापीठाचा संघ म्हणजे जवळजवळ गावचा संघ.

अशी प्रसिद्धी उमेदवाराला काय देते? एक तर पैसा वाचवते. नवख्या उमेदवाराचा निम्मा खर्च आपण कोण हे सांगण्यातच जातो. दुसरं, ती पक्षाची रेष ओलांडते. संघाचे चाहते दोन्ही पक्षांत असतात. पण तिची मर्यादाही ओळखायला हवी, आणि त्यासाठी जॉर्जिया राज्यातली २०२२ ची सिनेटची, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची, लढत बघण्यासारखी आहे. तिथे एका बाजूला खेळाडू होता, दुसऱ्या बाजूला पाळक. हर्शेल वॉकर हे १९८० साली जॉर्जिया विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणाऱ्या संघातले, विद्यापीठ फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा १९८२ चा हाइझमन पुरस्कार मिळवलेले फुटबॉलपटू. राफाएल वॉर्नॉक हे अटलांटातल्या एबेनेझर बाप्टिस्ट चर्चचे मुख्य पाळक. मार्टिन ल्यूथर किंग ज्या व्यासपीठावरून बोलत, त्याच चर्चचे. नोव्हेंबरच्या मतदानात कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत. जॉर्जियाच्या नियमानुसार पहिल्या दोघांत पुन्हा मतदान झालं आणि ६ डिसेंबरला वॉर्नॉक ५१.४ टक्के मतांनी जिंकले. त्याच वर्षी वॉकर यांच्याच पक्षाचे गव्हर्नर त्याच राज्यात आरामात निवडून आले होते. माझ्या मते यातून एवढं नक्की दिसतं: खेळाने वॉकर यांना उमेदवारी मिळवून दिली, जागा मिळवून देणं खेळाच्या हातात नव्हतं.

वॉट्स यांनी मधला टप्पा वगळला नव्हता. १९९० मध्ये ते ओक्लाहोमाच्या कॉर्पोरेशन कमिशनवर निवडून आले. नाव कंपन्यांचं वाटलं तरी हे राज्याचं नियामक मंडळ आहे. तेल, वायू, वीज, टेलिफोन यांचे दर आणि नियम तिथे ठरतात, आणि त्याचे सदस्य राज्यभरातून निवडले जातात. राज्यव्यापी पदावर निवडून आलेले ते ओक्लाहोमातले पहिले कृष्णवर्णीय. त्यामुळे १९९४ मध्ये 'तुम्ही खेळाखेरीज काय केलंत?' या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर होतं.

आता पाळकपण. १९८७ पासून वॉट्स ओक्लाहोमा सिटीला लागून असलेल्या डेल सिटीत सनीलेन चर्चमध्ये तरुणांचे पाळक म्हणून काम करत होते. १९९३ मध्ये त्यांना रीतसर दीक्षा मिळाली. हे चर्च सदर्न बाप्टिस्ट पंथाचं. या पंथाचा जन्मच १८४५ साली गुलामगिरीच्या वादातून झाला. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून पाठवावं की नाही यावरून बाप्टिस्ट फुटले, आणि दक्षिणेकडच्यांनी वेगळी चूल मांडली. या इतिहासाबद्दल पंथाने जाहीर माफी मागितली ती जून १९९५ मध्ये, वॉट्स संसदेत जाऊन सहा महिने होत आले तेव्हा. अशा पंथातला कृष्णवर्णीय पाळक बहुसंख्य गोऱ्या मतदारांकडे मत मागत होता, हे ध्यानात ठेवून या निवडणुकीकडे बघायला हवं.

वसई किंवा गोव्यातला वाचक विचारेल, मग आमच्याकडचे फादर निवडणुकीला उभे का राहत नाहीत? कारण नागरी कायद्यात नाही, चर्चच्या रचनेत आहे. कॅथलिक चर्चचा स्वतःचा कायदा आहे, कॅनन लॉ. त्याचं २८५ वं कलम धर्मगुरूंना राजकीय सत्ता राबवण्याची पदं घ्यायला मनाई करतं. अमेरिकेत रॉबर्ट ड्रायनन नावाचे जेझुइट फादर १९७१ पासून दहा वर्षं मॅसॅच्युसेट्सचे प्रतिनिधी होते. १९८० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांच्याकडून आदेश आला, आणि ड्रायनन पुन्हा उभे राहिले नाहीत. बाप्टिस्टांमध्ये असा आदेश देणारा वर कुणी नाही. प्रत्येक मंडळी स्वतंत्र. ती आपला पाळक नेमते, तीच त्याला काढते. पाळकाला निवडणूक लढवायची असेल तर त्याने आपल्या मंडळीची समजूत घातली की झालं. अमेरिकी राजकारणात बाप्टिस्ट पाळक इतके का दिसतात, याचं एक मोठं कारण हेच आहे.

सरकारच्या बाजूने बघितलं तर कधीकाळी अशी मनाई तिथेही होती. अमेरिकेच्या मूळ तेरा राज्यांपैकी सात राज्यांनी धर्मगुरूंना कायदेमंडळाची दारं बंद केली होती. न्यूयॉर्कच्या १७७७ च्या राज्यघटनेत असं कलम होतं, आणि त्यामागचं कारण वरकरणी आदराचं होतं: धर्मगुरू ईश्वरसेवेला वाहिलेले, त्यांना त्या थोर कर्तव्यापासून विचलित करू नये. खरी भीती इंग्लंडच्या अनुभवाची होती. राजा आणि चर्च एकत्र आले की काय होतं ते या लोकांनी भोगलं होतं. तरीही सगळ्यांना हा उपाय पटला नव्हता. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे जॉन विदरस्पून स्वतः पाळक होते. आणि प्रतिनिधिगृहाचे पहिले सभापती फ्रेडरिक म्यूलेनबर्ग हे ल्यूथरन पाळक होऊन गेलेले. संघराज्याच्या घटनेच्या सहाव्या कलमात तर कोणत्याही पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही असं स्पष्ट म्हटलं आहे. अडचण राज्यांच्या पातळीवर होती.

एकेका राज्याने ही बंदी सोडून दिली. शेवटी उरलं टेनेसी. तिथल्या चॅटनूगा शहरात पॉल मॅक्डॅनियल नावाचे बाप्टिस्ट पाळक १९७७ च्या राज्यघटना परिषदेसाठी उभे राहिले. प्रतिस्पर्धी उमेदवार सेल्मा कॅश पेटी कोर्टात गेल्या: पाळक अपात्र आहेत, नाव काढा. खालच्या कोर्टाने नाव राहू दिलं, मॅक्डॅनियल जिंकले, मग राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९ एप्रिल १९७८ रोजी सुनावणीत असलेल्या आठही न्यायाधीशांनी टेनेसीची बंदी रद्द केली. कारणं त्यांनी वेगवेगळी दिली, पण गाभा सोप्या शब्दांत असा: या माणसाला आपला धर्म आचरायचा हक्क आहे आणि निवडणूक लढवायचाही हक्क आहे. राज्य त्याला म्हणतं, यातला एक सोडलास तरच दुसरा मिळेल. हक्क असा विकत घ्यायला लावता येत नाही. वॉट्स उभे राहिले तेव्हा या निकालाला सोळा वर्षं झाली होती. (ब्रिटनला याहून वेळ लागला. तिथे १८०१ चा बंदीचा कायदा रद्द झाला तो २००१ मध्ये, आणि त्याचा फायदा घेऊन डेव्हिड केर्न्स हे माजी कॅथलिक धर्मगुरू संसदेत आले.)

मग भिंत गेली कुठे? ती आहे, पण माणसाभोवती नाही. ती संस्थेभोवती आहे, आणि पैशाची आहे.

१९५४ मध्ये टेक्सासचे सिनेटर लिंडन जॉन्सन यांनी करकायद्यात एक दुरुस्ती आणली. पुढे हेच जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले. दुरुस्ती अशी: ज्या धर्मादाय संस्थांना प्राप्तिकर माफ आहे, त्यांनी कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार करायचा नाही. कलमाचा क्रमांक ५०१(सी)(३). चर्च याच गटात येतात. पाळक नागरिक म्हणून कुणालाही पाठिंबा देऊ शकतो, स्वतः उभा राहू शकतो. पण चर्चचा पैसा त्याच्या प्रचाराला जाता कामा नये. चर्चच्या वार्तापत्रात 'आपल्या पाळकांना मत द्या' असं छापायचं नाही. मंडळीच्या पत्त्यांची यादी एकट्याला फुकट द्यायची नाही. एका उमेदवाराला उमेदवार म्हणून बोलायला बोलावलं तर इतरांनाही तशीच संधी द्यायची. मोडलं तर तुरुंग नाही, करसवलत जाते. देणगीदारालाही मग देणगीवर वजावट मिळत नाही.

असं खरोखर झाल्याचं उदाहरण दुर्मीळ आहे, पण आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनजवळच्या एका चर्चने १९९२ च्या मतदानाच्या चार दिवस आधी बिल क्लिंटन यांच्या विरोधात वृत्तपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. १९९५ मध्ये करखात्याने त्यांची सवलत काढली आणि २००० मध्ये अपील न्यायालयाने ते योग्य ठरवलं. एरवी करखातं या वाटेला फारसं जात नाही. जुलै २०२५ मध्ये तर खात्याने टेक्सासमधल्या एका खटल्यात असं मांडलं की पाळकाने उपासनेच्या वेळी आपल्याच मंडळीशी बोलताना उमेदवाराबद्दल काही म्हटलं, तर तो या कलमाचा भंग धरू नये. म्हणजे भिंतीचा हा भागही हलतो आहे.

भारताशी तुलना केली की फरक डोळ्यांत भरतो. आपल्याकडेही साधू, महाराज, मौलवी, पाळक कुणीही उभं राहू शकतं. पण उमेदवार काय बोलतो यावर आपल्या कायद्याची नजर आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) नुसार धर्माच्या नावाने मत मागणं हा भ्रष्ट आचार आहे, आणि त्यापायी निवडणूक रद्द होते. या कायद्याचे दोन मोठे खटले तर मुंबईतलेच. विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीतून डॉ. रमेश प्रभू यांची निवड रद्द झाली आणि पुढे बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. सांताक्रूझच्या १९९० च्या विधानसभा निवडणुकीतून निघालेल्या अभिराम सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी २ जानेवारी २०१७ रोजी, चार विरुद्ध तीन अशा मतांनी, ही मनाई मतदाराच्या धर्मालाही लागू केली. शिवाय १९८८ चा एक केंद्रीय कायदा धार्मिक स्थळांचा राजकीय वापर करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास सांगतो. अमेरिकेत उमेदवाराच्या भाषणावर असा लगाम नाही. वॉट्स बायबल हातात घेऊन बोलले असते तरी त्यांची निवड त्यापायी रद्द होऊ शकली नसती. ते योग्य की आपलं योग्य, यावर मतभेद होतील. मला विचाराल तर आपल्या कलमामागची काळजी मला पटते, फक्त प्रत्यक्षात ती निवडक वेळीच जागी होते याचं वाईट वाटतं.

आता पुन्हा ओक्लाहोमात. १९९४ मध्ये चौथ्या मतदारसंघाची जागा मोकळी झाली, कारण तिथले डेमोक्रॅट प्रतिनिधी डेव्ह मॅकर्डी सिनेटसाठी लढायला गेले. जागा कित्येक दशकं डेमोक्रॅट पक्षाकडे होती. वॉट्स रिपब्लिकन. विद्यापीठात पत्रकारितेचे विद्यार्थी असताना त्यांनी एका राजकीय वादसभेचं वार्तांकन केलं होतं आणि तिथे रिपब्लिकन उमेदवाराचं म्हणणं त्यांना पटलं. पक्ष मात्र त्यांनी १९८९ मध्ये बदलला. घरात हे कुणाला आवडणारं नव्हतं. कृष्णवर्णीयाने रिपब्लिकनांना मत देणं म्हणजे कोंबडीने तळलेल्या कोंबडीच्या दुकानदाराला मत देण्यासारखं, अशा अर्थाचं बडी वॉट्स यांचं वाक्य पुढे देशभर सांगितलं गेलं. ज्येष्ठ वॉट्स डेमोक्रॅट होते.

अमेरिकेत उमेदवार पक्षाचा नेता ठरवत नाही. पक्षाचे मतदार ठरवतात, त्याला प्रायमरी म्हणतात. ऑगस्टमधल्या प्रायमरीत वॉट्स पुढे होते, पण निम्म्याहून जास्त मतं नव्हती. ओक्लाहोमातही अशा वेळी पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. सप्टेंबरमध्ये राज्य विधिमंडळातले एड अॅपल यांना हरवून त्यांनी उमेदवारी मिळवली. पाठिंबा द्यायला जॅक केंप आले होते, तेही एकेकाळचे क्वार्टरबॅक आणि नंतर खासदार. नोव्हेंबरमध्ये समोर डेमोक्रॅट डेव्हिड पेरीमन. त्या वर्षी देशभर रिपब्लिकन लाट होती. चाळीस वर्षांनी प्रतिनिधिगृह त्यांच्या हाती आलं. त्या लाटेत पाळकपण, मैदानावरचं नाव आणि नियामक मंडळावरचं काम अशा तिन्ही गोष्टी एका उमेदवारात आल्या, तरी मतं ५२ टक्केच. तेव्हा एकट्या फुटबॉलने हे केलं असं म्हणणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

निवडून आल्यावर वॉट्स कृष्णवर्णीय खासदारांच्या गटात गेले नाहीत. १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या वार्षिक अभिभाषणाला पक्षाच्या वतीने उत्तर द्यायचं काम त्यांना मिळालं, १९९९ मध्ये ते प्रतिनिधिगृहातल्या पक्षनेतृत्वात चौथ्या क्रमांकावर पोचले. दोन-दोन वर्षांच्या तीनच मुदती राहीन असं त्यांनी सुरुवातीला सांगितलं होतं. २००० मध्ये चौथ्यांदा उभे राहिले.

पाळक आमदार किंवा खासदार झाल्यावर काय करतो, हे बघायचं तर त्यांचं २००१ चं विधेयक बघावं. भुकेल्यांना जेवण, व्यसनमुक्ती, बेघरांना निवारा अशी कामं करणाऱ्या चर्चशी जोडलेल्या संस्थांनाही सरकारी पैशासाठी इतरांच्या बरोबरीने अर्ज करता यावा, असं ते विधेयक होतं. सहप्रस्तावक होते डेमोक्रॅट टोनी हॉल. वाद पेटला तो एका मुद्द्यावर: सरकारी पैसा घेणाऱ्या चर्चने फक्त आपल्याच धर्माची माणसं नोकरीला ठेवली तर चालेल का? म्हणजे पाळकाला सभागृहात येऊ देताना जो प्रश्न १९७८ मध्ये मिटला होता, तोच आता संस्थेच्या आणि पैशाच्या बाबतीत पुन्हा उभा राहिला. १९ जुलै २००१ रोजी प्रतिनिधिगृहाने ते विधेयक २३३ विरुद्ध १९८ मतांनी मंजूर केलं. सिनेटमध्ये ते पुढे सरकलं नाही. पुढच्या वर्षी वॉट्स यांनी निवडणूक लढवली नाही, आणि जानेवारी २००३ मध्ये ते सभागृहातून बाहेर पडले.